टच ऑफ

पाचवा कीबोर्डसुद्धा खराब निघाला.

"ह्याच्या पट्ट्या मेल्यात," मी म्हटलं. "हे बघा. करंगळीनं दाबलं तर आवाजच येत नाही, आणि अंगठ्यानं दाबलं की बोंबलतोय."

नचिकेतनं चष्मा वर सरकवला. पुण्यातल्या त्या दुकानात कीबोर्ड दाखवायचं काम त्याच्याकडं होतं. माझ्याएवढाच असेल, पंचवीस-सव्वीस. साडेअकरापासून तो स्टँडवर एकेक कीबोर्ड चढवत होता, त्याची वायर लॅपटॉपला जोडत होता, आणि मी एकेक नापास करत होतो.

"पहिल्याचं काय म्हणालात?"

"आवाज पुढंमागं होतोय."

"दुसऱ्याचं?"

"तेच."

"तिसरा?"

"तो मला आवडलाच नाही. अगदीच साधा. बटणं नाहीत, स्क्रीन नाही. चौथा चांगला वाटला, पण तोही पुढंमागं करतोय."

"साहेब, पाच कंपन्यांचे पाच कीबोर्ड. पाचही बिघडलेत असं होईल का?"

"होऊ शकतंय की," मी म्हटलं.

आता हसू येतं. तेव्हा मी मनापासून म्हणालो होतो.

माझ्या मागं ड्रमच्या स्टुलावर आक्का बसली होती. त्रिशलाआक्का, माझी थोरली बहीण. मांडीवर डब्याची पिशवी, पायात स्लिपर, आणि चारी बाजूंनी लटकलेली गिटारं. देवळात बसल्यासारखी सरळ बसली होती.

"अभ्या, जेवून घेऊया काय? दीड वाजला."

"थांब गं आक्का. हे एवढं होऊ दे."

सात वर्षं झाली ह्याला.

आम्ही इचलकरंजीचे. मी तेव्हा एका संगीत पार्टीत कीबोर्ड वाजवायचो. आमच्या भागात जैन बस्तीत, म्हणजे देवळात, मोठी पूजा असली की आठ-आठ दिवस मांडव पडतो, आणि गाण्याची पार्टी बोलावतात. एक गायक, एक ढोलकी, एक ऑक्टोपॅड आणि मी. सकाळी सातला जे सुरू व्हायचं ते दुपारपर्यंत. नऊ वर्षं वाजवलं. कुणी शिकवलं नाही. आप्पांची पेटी घरात होती, त्यावर बोटं फिरली आणि पुढं यूट्यूब.

मग मी एक व्हिडिओ टाकला, माझीच एक चाल. पुण्याच्या कामत सरांनी तो बघितला. ते मालिकांना, माहितीपटांना मागचं संगीत देतात. त्यांना मदतनीस पाहिजे होता. मेसेज आला: 'चाल चांगली आहे. तीन मिनिटं फक्त पियानो पाठव. दुसरं काही नको.'

मी माझ्या एकसष्ट पट्ट्यांच्या कीबोर्डवर वाजवून पाठवलं. उलट एकच ओळ आली: 'टाइपरायटर ऐकू आला. महिनाअखेरपर्यंत पुन्हा पाठव.'

दोन दिवस जेवण गेलं नाही. मग यूट्यूबवर बसलो आणि गुन्हेगार सापडला. माझा कीबोर्ड. त्याच्या पट्ट्या हलक्या, प्लास्टिकच्या, खाली स्प्रिंग. खऱ्या पियानोत पट्टी दाबली की आत एक हातोडी उचलली जाते, तिचं वजन बोटाला लागतं. कॉम्प्युटरमधला पियानो नीट वाजवायचा तर तसलाच वजनदार पट्ट्यांचा कंट्रोलर पाहिजे. कंट्रोलर म्हणजे नुसत्या पट्ट्या. त्याला स्वतःचा आवाज नसतो. कुठली पट्टी दाबली आणि किती जोरात, एवढंच तो लॅपटॉपला सांगतो. आवाज लॅपटॉपमधून येतो.

मी जुना कीबोर्ड विकला. म्हणजे पार्टीचं कामही सुटलं. आक्कानं भिशी उचलली. आणि मामांनी निरोप दिला की त्यांच्या ओळखीच्या सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, कारकुनाची जागा आहे, एक तारखेपासून. आई म्हणाली, "तीस तारखेपर्यंत तुझं ते काय ते कर. जमलं तर पुण्याला जा. न्हाई जमलं तर गप मामाच्या कामाला जायचं, तोंड पाडायचं न्हाई."

आज अठरा तारीख होती.

आक्का सोबत आली होती ती खोकं धरायला. साडेचार फूट लांब खोकं एसटीत एकट्यानं चढवायचं कसं? तिच्या कारखान्याला सुट्टी होती. ती एका कापड कारखान्यात मेंडिंग करायची. मागावरून उतरलेलं कापड तिरक्या टेबलावरून ओढत न्यायचं, गाठ कुठं आहे, धागा कुठं तुटलाय ते शोधायचं, खडूनं खूण करायची, चिमट्यानं काढायचं. चौदा वर्षं तेच.

नचिकेतनं लॅपटॉप माझ्याकडं वळवला.

"एक करूया. तुम्ही वाजवा, मी स्क्रीनवर दाखवतो. प्रत्येक पट्टी किती जोरात दाबली गेली त्याचा आकडा इथं येतो. एकपासून एकशे सत्तावीसपर्यंत. तुम्ही सगळे सूर एकसारखे वाजवा."

मी वाजवले. सा रे ग म, वरपर्यंत आणि खाली. अगदी एकसारखे.

स्क्रीनवर काड्या उभ्या राहिल्या. एकशे वीस. सेहेचाळीस. एकशे दहा. तेवीस. नव्वद. मोडक्या कुंपणासारखं काहीतरी.

"बघा," मी म्हटलं. "कीबोर्ड चुकतोय."

नचिकेतनं हात पुढं केला, त्याच पट्ट्यांवरून वर गेला आणि खाली आला. चौसष्ट, बासष्ट, पासष्ट, त्रेसष्ट. कातरलेल्या गवतासारखं सपाट.



"आधी कुठं वाजवायचात?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"पूजेला. मांडवात."

"टच ऑफ ठेवून?"

"ऑफच. सगळे ऑफच ठेवतात."

खरंच ठेवतात. कीबोर्डवर एक बटण असतं, टच नावाचं. ते बंद केलं की पट्टीला नुसतं बोट लागू दे नाहीतर बुक्की मारा, आवाज एकच, पूर्ण. मांडवाच्या खांबांवर भोंगे, समोर हजार माणसं, बाजूला ऑक्टोपॅड. तिथं हळू वाजलेला सूर पहिल्या रांगेलासुद्धा पोचत नाही, आणि मग गायक मागं वळून डोळे वटारतो. पहिल्याच दिवशी ढोलकीवाल्यानं मला सांगितलं होतं, "पैलं काम, टच ऑफ. मग देवाचं नाव." नऊ वर्षं ते बटण मी चालू केलं नव्हतं. बंद आहे हेही विसरून गेलो होतो.

म्हणजे गुन्हेगार माझ्या हाताला चिकटलेला होता. आणि मी मात्र कीबोर्ड विकून मोकळा झालो होतो.

"म्हणजे मला वाजवता येत नाही," मी म्हटलं.

"असं नाही म्हणत मी. चाल, ताल, सगळं आहे तुमच्याकडं. फक्त बोटं… थोडा वेळ लागेल."

"किती?"

"लोक दोन-तीन वर्षं—"

"बारा दिवस आहेत माझ्याकडं."

त्यानं चष्मा काढून पुसला.

मी बाहेर गेलो. आक्काला चल म्हणायचंही सुचलं नाही. टपरीवर चहा घेतला, तो गार झाला, दुसरा घेतला. सायझिंगमध्ये टेबल कुठं असेल, खिडकी असेल का, असलं काहीतरी डोक्यात येत होतं. मामा म्हणतील, "बरं झालं लवकर शहाणा झालास." आणि पार्टीत आता कोण घेणार, माझा कीबोर्ड तर दुसराच कोणी वाजवत असेल. टच ऑफ ठेवून.

तासाभरानं परत आलो ते आक्काला घेऊन स्वारगेट गाठायला.

काचेचं दार ढकललं आणि थांबलो. आत एक सूर वाजत होता. एकच. इतका हळू की आधी वाटलं शेजारच्या खोलीत वाजतोय. तो पूर्ण विरून गेला, मग पुन्हा तोच. पुन्हा तोच. तीनदा, चारदा, आणि प्रत्येक वेळी तसाच, केसभर इकडं नाही की तिकडं नाही.

मी म्हटलं, नचिकेत असणार.

नचिकेत हाताची घडी घालून बाजूला उभा होता. वाजवत होती आक्का. उभ्यानं. डोळे मिटलेले. डाव्या काखेत डब्याची पिशवी तशीच.

"आक्का, काय करतीस?"

"गप," ती म्हणाली.

तिनं तळहात पट्ट्यांवर ठेवला आणि डावीकडून उजवीकडं सरकवत नेला, आवाज न करता, जसा कापडावरून नेते तसा. मग एक बोट. मग पुढची पट्टी. पुढची.

"हा चौथा घिऊ नको," ती डोळे न उघडताच म्हणाली. "मधलं एक घर ढिलं हाय ह्याचं."

चौथा म्हणजे माझा आवडता. स्क्रीनवाला, बटणांवाला, यूट्यूबवर सगळे ज्याचं नाव घेत होते तो.

"ढिलं कुठलं मॅडम?" नचिकेतनं विचारलं.

"ही. शेजारणीपरीस अंमळ लवकर बसती खाली."

नचिकेत वाकला. ती पट्टी दाबली, शेजारची दाबली. पुन्हा ती. आकडे बघितले. मग टॉर्च लावून फटीत बघितलं आणि माझ्याकडं वळला.

"आठ महिने हा इथं लावलाय," तो म्हणाला. "रोज दहा जण वाजवतात. मी वाजवतो. मला कळलं नाही."

"तुमाला वाजवायचं असतंय न्हवं," आक्का म्हणाली. "मला कुटं वाजवाय येतंय?"

नचिकेतनं लॅपटॉप दाखवला. मी नसताना तिनं वाजवलेल्या सुरांचे आकडे तिथं होते. एकतीस. एकतीस. तीस. एकतीस. बत्तीस. एकतीस.

"मॅडम, एवढं हळू आणि एवढं एकसारखं मला जमत नाही. शिकलाय कुठं?"

"मेंडिंगला," आक्का म्हणाली.

मला हसू फुटलं. म्हणजे हसू की रडू, काय ते नक्की सांगता येणार नाही. "आक्का, कापड आणि पियानो एक हाय काय?"

"मला काय ठावं? तू गेलास भायेर तोंड पाडून. मी एकटी काय करू? म्हटलं हात लावून बघावं. ह्यो भाऊ लावू दे म्हणाला." ती तिसऱ्या कीबोर्डकडं सरकली, त्या साध्या, बटणं नसलेल्याकडं. "ह्यो बघ. खालच्या बाजूला जड हाय. वर जाईल तसं कमी-कमी हुत जातंय, पण कुटं पायरी लागत न्हाई. आणि दाबल्यावर खाली आपटत न्हाई. ह्यो घे."

"ह्याच्यावर काहीच नाही गं. नुसत्या पट्ट्या आहेत."

"मग? तुला आणि काय पायजे?"

नचिकेत मान हलवत होता. "खऱ्या पियानोत असंच असतं. खालच्या हातोड्या जड, वरच्या हलक्या. ह्या सगळ्यांत ते ह्यातच नीट केलंय. पण दिसायला साधा आहे ना, कोणी घेत नाही."

मी तिसऱ्यापुढं बसलो. पट्टी दाबली. एकशे चार.

"दाबू नको," आक्का म्हणाली. "तू पार तळापतोर जातोस नि तितनं आवाज काढतोस. आमच्यात नवी पोरगी आली की असंच करती. हात दाबून फिरवती, म्हणजे लवकर सापडंल. आणि गाठी सगळ्या तशाच निघून जात्यात. मग खालची मुकादमीण शिव्या घालती."

"मग करायचं काय?"

"हात जड सोडायचा, पण दाबायचा न्हाई."

"म्हणजे?"

"म्हणजे तेच. आता किती येळा सांगू?"

पुन्हा दाबली. एकशे एक. पुन्हा. अठ्ठ्याण्णव. ती माझ्या मागं आली, कोपराखाली एक बोट लावलं आणि कोपर तोललं. तेवढंच. सत्तर. पुन्हा. अठ्ठावन्न.

आयुष्यात पहिल्यांदा मी पियानोचा मऊ सूर काढला होता आणि तो माझाच होता. मी पुन्हा वाजवला. पुन्हा. सव्वापाच कधी वाजले कळलं नाही.

"हाच द्या," मी नचिकेतला म्हटलं.

त्यानं खोकं बांधून दिलं, स्वतः रिक्षापर्यंत आणलं, आणि आक्काला नमस्कार केला. "कधी पुण्यात आलात तर या. सगळा माल तपासून घेतो तुमच्याकडून."

स्वारगेटला कंडक्टर आडवा आला.

"ह्येच्यात काय माणूस हाय काय?"

"कीबोर्ड हाय," मी म्हटलं. "बाजा."

"बाजा असू दे न्हाईतर नवरा असू दे, वाटंत ठेवायचा न्हाई. फुल तिकीट पडंल."

"हाफ घ्या की," आक्का म्हणाली. "अजून बोलाय येत न्हाई त्याला."

मागच्या सीटवरची माणसं हसली. कंडक्टरही हसला आणि फुल तिकीटच फाडलं. शेवटच्या बाकाच्या मागं खोकं उभं केलं, एका बाजूनं ती आणि एका बाजूनं मी.

गाडी कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडली तेव्हा मला भूक लागली. "आक्का, डबा काढ. मरतोय मी."

तिनं पिशवी माझ्याकडं सरकवली. "खा."

"आणि तू?"

ती खिडकीतून बाहेर बघत होती. डोंगरामागं नुसता लाल पट्टा उरला होता.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चातुर्मास चालू होता. आमच्यात सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. मी कधीच पाळलं नाही. आक्का तर चातुर्मासात मावळतीनंतर पाणीसुद्धा घ्यायची नाही. पहाटे चारला घरातनं निघालेली ती. दीड वाजता एकदा, तीन वाजता एकदा, दोनदा म्हणाली होती जेवूया काय. दोन्ही वेळा मी थांब म्हणालो होतो.

"आक्का—"

"खा रे. भाकरी वाळंल."

मी खाल्लं नाही. ती म्हणाली, "येड्यासारकं करू नको. तू न जेवल्यानं माझं पोट भरणार हाय काय?" मग खाल्लं. घास गिळताना तिच्याकडं बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून पहाट आमची. साडेपाच ते साडेसात. आईच्या शिवणयंत्राच्या टेबलावर कीबोर्ड आडवा टाकला, एका टोकाला स्टूल लावलं. लॅपटॉप खिडकीत. मी वाजवायचो, आक्का भिंतीला टेकून खाली बसायची, डोळे मिटून. हातात खडू. एखादा सूर बाकीच्यांतून वर आला की ती भिंतीवर रेघ ओढायची. बोलायची नाही. खर्र. नुसता खडूचा आवाज.

पहिल्या दिवशी तिनं मोजणं सोडून दिलं. आई आली आणि म्हणाली, "भिंतीला काय देवी आल्या काय?"

"गाठी हायत," आक्का म्हणाली.

चौथ्या दिवशी माझी बोटं सुजली. सहाव्या दिवशी मी कीबोर्डवर डोकं ठेवून रडलो. पट्ट्या दबल्या, लॅपटॉपमधनं भयानक आवाज निघाला, आणि आक्कानं एक रेघ ओढली. मग दोघंही हसत सुटलो. नवव्या दिवशी तीन मिनिटांत अकराच रेघा पडल्या. पण चालीचे पहिले चार सूर काही केल्या जमेनात. वरून खाली येणारे चार सूर होते. सगळी चाल त्यांच्यावर उभी. पुढं गेल्यावर हात सैल व्हायचा, पण सुरुवातीला मांडव आठवायचा, भोंगे आठवायचे, आणि बोटं आपटायची. खर्र, खर्र, खर्र, खर्र.

एकोणतीस तारखेला सकाळी मी म्हटलं, "आक्का, हे चार तू वाजव."

"मला येत न्हाई."

"चारच आहेत. दाखवतो. ही, ही, मग ही काळी, मग ही."

तिनं तळहात फिरवला. चार पट्ट्या कुठं आहेत ते बोटांनी बघून घेतलं. मी रेकॉर्ड चालू केलं. तिनं वाजवले.

दुसऱ्यांदा करायची गरज पडली नाही. चौथ्या सुरावरनं तिचं बोट उचललं गेलं आणि बाजूला बसून मी पाचवा सूर धरला. तीन मिनिटं. संपलं तेव्हा खिडकीत ऊन आलं होतं. आक्का परत भिंतीपाशी जाऊन बसली होती, आज सातच रेघा. मी फाईल पाठवली. सोबत लिहिलं, 'सर, वाजवून पाठवतोय. अभिनंदन मगदूम.' तिचं नाव लिहायचं मनात आलं होतं. खोटं कशाला सांगू, आलं होतं. पण म्हटलं, चारच तर आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला फोन वाजला. आक्का कारखान्याला जायला निघाली होती, एक पाय चपलेत. मी फोन स्पीकरवर टाकला.

"मगदूम का? कामत बोलतोय."

"हो सर."

"ऐकलं. परत परत ऐकलं. सुरुवातीचे चार सूर कोणी वाजवलेत?"

आई चुलीपुढनं बाहेर आली. आक्का दारात तशीच उभी. मी फोनकडं बघत होतो. उद्या एक तारीख होती.

"मीच, सर."



"बरं," कामत सर म्हणाले. "सोमवारी ये. पत्ता पाठवतो."

फोन बंद झाला. आईनं हात जोडले. "झालं रे बाबा! णमोकार म्हण!" असं काहीतरी म्हणत ती आत साखर आणायला गेली.

आक्कानं चप्पल काढली. आत आली. टेबलावरचा खडू उचलला, भिंतीपाशी गेली, आणि त्या सात रेघांच्या शेजारी आठवी ओढली.

खर्र.

खडू जागेवर ठेवला आणि परत चप्पल घालायला लागली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मी कितीतरी वेळ त्या रेघेकडं बघत राहिलो. म्हणजे मला तसं वाटलं. प्रत्यक्षात तिचा चपलेचा पट्टा लागायच्या आत मी नंबर फिरवला होता.

"सर, मगदूम."

"बोल."

"सर, पहिले चार माझे नाहीत. माझ्या बहिणीचे आहेत. माझ्याच्यानं होत नव्हते. बाकीचे माझे आहेत. तुम्हाला येऊ नको म्हणायचं असलं तर…"

आई साखरेचा डबा घेऊन दारात आली आणि तिथंच थांबली.

"कळलं होतं मला," कामत सर म्हणाले. "चार सूर एका हाताचे, पुढचे सगळे दुसऱ्या हाताचे. बहिरा असतो तरी कळलं असतं. म्हणून तर विचारलं."

"मग मला ये असं का म्हणालात?"

"पुढचा हात त्या पहिल्याच्या मागं मागं जायचा प्रयत्न करतोय, तेही ऐकू येतं. मागच्या वेळी टाइपरायटर होता. एवढ्या दिवसांत कोणीतरी त्याला ऐकायला शिकवलंय. म्हटलं, माणूस कामाचा आहे. खोटं बोलल्यावर जरा वाईट वाटलं. पण सोमवारी आल्यावर बघून घेऊ म्हटलं." ते थांबले. "आता फोन केलास ते बरं केलंस. बहीण कुठं शिकली?"

"मेंडिंगला."

"हे कुठलं घराणं?"

आक्कानं माझ्या हातातला फोन ओढून घेतला.

"नमस्कार सर. मी त्रिशला. ह्येची थोरली बहीण. तुमच्यात जेवण किती वाजता असतंय?"

"अं? जेवण? नऊ-साडेनऊला."

"ह्येला काय चालंल हो, ह्यो कवाबी जेवतोय. मी भेटाय आल्यावर मला दिवस मावळायच्या आत लागतंय. ते तेवढं आधी सांगून ठेवते."

पलीकडून कामत सर इतके मोठ्यानं हसले की फोन खरखरला. "या. अवश्य या. जेवण पाचला ठेवू."

तिनं फोन मला दिला. आईनं आधी माझ्या पाठीत एक धपाटा घातला, खोटं बोलल्याचा, आणि मग तोंडात साखर कोंबली. आक्काला उशीर झाला होता, आठची पाळी गाठायची होती. तरी ती मोरीत गेली, फडकं ओलं करून आणलं, आणि ती आठवी रेघ पुसली. नीट पुसली, खूण राहू दिली नाही.

"सगळ्याच पूस की आता," मी म्हटलं. "झालं न्हवं काम?"

तिनं बाकीच्या सात रेघांकडं बघितलं, आणि मागच्या अकरा दिवसांच्या, भिंतभर पसरलेल्या.

"त्या असू देत," आक्का म्हणाली. "त्या अजून हायत." आणि फडकं माझ्या खांद्यावर टाकून कामाला गेली.